पुन्हा उभा केलेला सातबारा

बीड तालुक्यात मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे निघालं की वाटेत लिंबागणेश लागतं. भालचंद्र गणेशाच्या देवळामुळे गावाचं नाव पंचक्रोशीबाहेरही ठाऊक आहे. महसूल खात्याच्या लेखी ते एका मंडळाचं गाव आहे. इथल्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी सातबारा लागला तर तो आता मोबाइलवर निघतो. डिजिटल सहीचे सातबारे देण्याची सुरुवात राज्यात १ मे २०१८ रोजी झाली. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट क्रमांक टाकायचा, शुल्क भरायचं आणि उतारा उतरवून घ्यायचा.

गट क्रमांक टाकल्यापासून उतारा दिसेपर्यंतच्या काही क्षणांत, अशा कुठल्याही संगणक-यंत्रणेत, एक काम हटकून घडतं. साठवणीत निपचित पडलेली माहिती उचलून तिच्यातून स्मृतीत एक जिवंत वस्तू उभी केली जाते. प्रोग्रामर तिला ऑब्जेक्ट म्हणतात. ऑब्जेक्टची माहिती साठवण्याजोग्या किंवा पाठवण्याजोग्या रूपात मांडणं म्हणजे सीरियलायझेशन, आणि त्या रूपातून ऑब्जेक्ट पुन्हा उभा करणं म्हणजे डीसीरियलायझेशन. पहिलं काम सोपं आहे. दुसऱ्यात मात्र जावा आणि डॉट नेटवर काम करणारा जवळजवळ प्रत्येक नवा प्रोग्रामर एकदा तरी अडखळतो, कारण तिथे हे काम करून देणारं तयार सॉफ्टवेअर, म्हणजे फ्रेमवर्क, एक विचित्र अट घालतं: तुमच्या क्लासला, म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्याला, काहीही न मागणारा, रिकामा कन्स्ट्रक्टर हवा. ही अट का येते, तिची किंमत काय आणि ती टाळता येते का, ते या प्रकरणात पाहू.

जन्माच्या वेळची तपासणी

आपण सातबाऱ्यासाठी एक छोटा क्लास लिहितो आहोत असं धरू. त्यात गावाचं नाव, गट क्रमांक, लागवडीयोग्य क्षेत्र, पोटखराब, एकूण क्षेत्र आणि खातेदारांची यादी आहे. लिंबागणेशातला एक काल्पनिक गट घ्या: लागवडीयोग्य १ हेक्टर २० आर, पोटखराब ५ आर, एकूण १ हेक्टर २५ आर. दोन भाऊ खातेदार, एकाच्या नावे ८० आर, दुसऱ्याच्या नावे ४० आर.

या माहितीला आपले नियम आहेत. गाव आणि गट क्रमांक असलेच पाहिजेत. क्षेत्र शून्याखाली जाऊ शकत नाही. लागवडीयोग्य आणि पोटखराब मिळून एकूण क्षेत्र भरलं पाहिजे. आपल्या क्लासपुरता आणखी एक नियम ठेवू: खातेदारांच्या नावांपुढची क्षेत्रं मिळून लागवडीयोग्य क्षेत्राइतके, म्हणजे इथे १२० आर व्हायला हवेत, ११८ नाहीत आणि १२५ही नाहीत.

हे नियम तपासायची जागा म्हणजे कन्स्ट्रक्टर. ऑब्जेक्ट तयार होताना सर्वांत आधी चालणारा हा कोडचा तुकडा असतो. त्याच्या हाती सगळी माहिती द्यावी लागते. बेरीज चुकली तर तो ऑब्जेक्ट जन्मालाच घालत नाही, थेट त्रुटी फेकतो. याचा फायदा पुढे कळतो. प्रोग्रामच्या कुठल्याही कोपऱ्यात सातबारा हातात आला की त्याची बेरीज जुळते का, हे पुन्हा तपासावं लागत नाही. तो अस्तित्वात आहे, म्हणजेच तो नियमात बसतो.

महसुलाच्या कामात ही रीत संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे हक्कातला बदल तलाठ्याने आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये लिहायचा, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकती ऐकायच्या, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच तिचा अंमल सातबाऱ्यावर यायचा. सातबाऱ्यावरच्या नावामागे एक तपासलेला फेरफार उभा असतो, म्हणून बँक त्या कागदावर कर्ज देते. कन्स्ट्रक्टरकडून चांगला प्रोग्रामर याच हमीची अपेक्षा करतो.

बांधाबांध

स्मृतीतला ऑब्जेक्ट एका जागी सलग बसलेला नसतो. सातबाऱ्यात खातेदारांच्या यादीचा फक्त पत्ता असतो. यादीत प्रत्येक खातेदाराचा पत्ता. एकच खातेदार तीन गटांत असेल तर तीन ठिकाणांहून त्याच्याकडे बोट दाखवलेलं असतं. हे पत्ते त्या यंत्रापुरते आणि त्या वेळेपुरतेच खरे असतात. प्रोग्राम बंद झाला की ते निरर्थक होतात. म्हणून ऑब्जेक्ट दुसरीकडे न्यायचा तर तो सोडवून एका ओळीत मांडावा लागतो.

दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात, तेव्हा बिऱ्हाड असंच हलतं. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, पीठकूट, कोयते ट्रॉलीत भरले जातात. घर आणि जड सामान गावीच राहतं. कारखान्याच्या पट्ट्यात पोचल्यावर चटया-बांबूंची कोप उभी करून त्याच सामानाचा संसार पुन्हा मांडला जातो. सीरियलायझेशनमध्येही तीन निर्णय असतात: काय न्यायचं, कोणत्या क्रमाने बांधायचं, आणि काय मागे ठेवायचं. जावामध्ये मागे ठेवायच्या गोष्टीवर ‘ट्रान्झियंट’ अशी खूण करतात. डेटाबेसची चालू जोडणी, तात्पुरता पासवर्ड, पुन्हा मोजता येण्यासारखी बेरीज, या गोष्टी बांधायच्या नसतात. मागे ठेवलेलं मुक्कामावर आपोआप उगवत नाही, याची आठवण मात्र ठेवावी लागते: ट्रान्झियंट जागा परत उभं करताना रिकामी किंवा शून्य होते, आणि ती भरायचं काम कुणावर तरी सोपवावं लागतं.

बांधणीच्या पद्धती अनेक आहेत. १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या एक्सएमएलमध्ये आणि त्यानंतर लोकप्रिय झालेल्या जेसॉनमध्ये प्रत्येक मूल्याला त्याचं नाव चिकटवलेलं असतं: गट क्रमांक अमुक, क्षेत्र तमुक. माणसालाही ते वाचता येतं. काही पद्धतींत नावं गाळून फक्त क्रम पाळला जातो. जागा वाचते, पण वाचणाऱ्याला क्रम पाठ असावा लागतो.

दुसऱ्या प्रकाराचं उत्तम उदाहरण आपल्या पाकिटात आहे. आधारचे पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. पुढे २०१८ मध्ये कार्डावर नव्या रचनेचा सुरक्षित क्यूआर कोड आला. स्कॅन केल्यावर त्यातून आधी एक प्रचंड लांब दशमान संख्या निघते. ती बाइटमध्ये बदलायची, जीझिप पद्धतीने आवळलेली माहिती सैल करायची, की एकामागून एक रकाने दिसू लागतात: संदर्भ क्रमांक, नाव, जन्मतारीख, लिंग, मग जिल्हा, घर, पिन कोड, पोस्ट, राज्य, गाव असे पत्त्याचे तुकडे. दोन रकान्यांच्या मध्ये २५५ मूल्याचा एक बाइट कुंपणासारखा उभा असतो. रकान्यांना नावं नाहीत. कितवा आहे यावरून तो काय आहे ते ठरतं. त्यानंतर छोटा फोटो, आणि शेवटचे २५६ बाइट डिजिटल सहीचे. पूर्ण आधार क्रमांक त्यात नसतोच, संदर्भ क्रमांकात शेवटचे ४ अंक तेवढे असतात. म्हणजे मागे काय ठेवायचं हा निर्णय इथेही झाला आहे. अक्षरांसाठी वापरलेल्या आयएसओ-८८५९-१ या संकेतात देवनागरी बसत नाही, त्यामुळे लिंबागणेशच्या रहिवाशाचं गाव या कोडमध्ये रोमन अक्षरांतच प्रवास करतं.

या रचनेच्या पुढच्या आवृत्तीत सुरुवातीला ‘व्ही २’ अशी खूण आली आणि मोबाइल क्रमांकाच्या शेवटच्या ४ अंकांचा रकानाही वाढला. खूण न पाहता जुन्याच क्रमाने वाचणारा प्रोग्राम नावाच्या जागी संदर्भ क्रमांक ठेवून मोकळा होईल. म्हणूनच बांधलेल्या माहितीच्या गाठोड्यावर आवृत्ती लिहिणं ही शोभेची गोष्ट नाही.

फ्रेमवर्कचे रिकामे हात

आता मूळ अडचणीकडे येऊ. जेसॉनमधला सातबारा आला आहे, त्यातून ऑब्जेक्ट उभा करायचा आहे. हे काम बहुधा आपण लिहीत नाही, फ्रेमवर्क करतं. फ्रेमवर्क लिहिणाऱ्याने आपला क्लास कधी पाहिलेला नसतो. ते रिफ्लेक्शन नावाच्या सोयीने चालू प्रोग्राममध्येच क्लासला विचारतं: तुझ्यात कोणते रकाने आहेत, तुझा कन्स्ट्रक्टर काय मागतो?

उत्तर मिळतं ते अपुरं. आपला कन्स्ट्रक्टर गाव, गट क्रमांक, तीन क्षेत्रं आणि खातेदारांची यादी मागतो. पण जावाच्या संकलित फाइलमध्ये कन्स्ट्रक्टरच्या घटकांची नावं सरसकट टिकत नसत. फ्रेमवर्कला दिसायचं एवढंच: आधी दोन अक्षरमाला हव्यात, मग तीन संख्या, मग एक यादी. कोणती संख्या पोटखराब आणि कोणती एकूण, हे सांगायला कुणी नाही. ही नावं फाइलमध्ये राखून ठेवण्याचा अधिकृत पर्याय जावा ८ मध्ये, मार्च २०१४ मध्ये आला, आणि तोही आपण सुरू केला तरच चालतो. रकान्यांची नावं मात्र पहिल्यापासून उपलब्ध होती. मग फ्रेमवर्कवाल्यांनी सोपा मार्ग धरला: आधी रिकामा ऑब्जेक्ट तयार करा, मग एकेक रकाना नावाने शोधून भरा. त्यासाठी कन्स्ट्रक्टर असा हवा की ज्याला काहीच द्यावं लागत नाही.

ही रीत रुळायला आणखी एक कारण झालं. १९९६ च्या अखेरीस जावा बनवणाऱ्या सन कंपनीने जावाबीन्सची संहिता काढली. पडद्यावर बटणं, चौकटी ओढून प्रोग्राम बनवणाऱ्या साधनांसाठी ती होती, आणि तिथे आधी कोरी वस्तू ठेवून मग तिचे गुण बदलणं स्वाभाविकच होतं. सवय मात्र बटणांपुरती राहिली नाही. २००६ च्या जावा पर्सिस्टन्स एपीआयने डेटाबेसशी जोडलेल्या प्रत्येक एन्टिटी क्लासला घटकरहित कन्स्ट्रक्टर सक्तीचा केला. गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं हायबरनेट याच संहितेवर चालतं. त्याच्याकडे आणखी एक सबब आहे: खातेदाराची माहिती लगेच लागणार नसेल तर ते त्याच्या जागी एक नकली वारस-क्लास उभा करून ठेवतं, ज्याच्याजवळ फक्त ओळख क्रमांक असतो. या नकली खातेदाराला मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर चालवावा लागतो, आणि त्याच्या हाती द्यायला काहीच नसतं. डॉट नेटमधला एक्सएमएल सीरियलायझरही घटकरहित कन्स्ट्रक्टरशिवाय पुढे सरकत नाही.

नव्या प्रोग्रामरचा गोंधळ होतो तो इथे. क्लासमध्ये एकही कन्स्ट्रक्टर लिहिला नाही तर जावा आणि सी-शार्पचा कंपायलर स्वतःहून एक रिकामा कन्स्ट्रक्टर देतो. सगळं सुरळीत चालतं. मग एके दिवशी कुणीतरी शहाणपणाने बेरीज तपासणारा कन्स्ट्रक्टर लिहितो, आणि त्याच क्षणी कंपायलरचा फुकटचा कन्स्ट्रक्टर नाहीसा होतो. कोड कंपाइल होतो, तक्रार कुठेच नाही. पहिली विनंती आल्यावर मात्र फ्रेमवर्क हात वर करतं. क्लास सुधारल्याची ही शिक्षा वाटते.

लोक मग एक रिकामा कन्स्ट्रक्टर जोडून मोकळे होतात. त्याची किंमत लगेच दिसत नाही. आता गाव नसलेला, खातेदार नसलेला, शून्य क्षेत्राचा सातबारा कायदेशीररीत्या जन्माला येऊ शकतो. रकाने नंतर भरायचे म्हणून ते बदलण्याजोगे ठेवावे लागतात, त्यासाठी बाहेरून मूल्य बदलू देणारे सेटर लिहिले जातात, आणि सेटर एकदा उघडा ठेवला की प्रोग्राममधला कुणीही कधीही ८० आरचे ९० आर करू शकतो. फेरफाराशिवाय सातबारा बदलण्याची सोय आपणच करून ठेवतो. निदान हा कन्स्ट्रक्टर सर्वांसाठी खुला ठेवू नये. पर्सिस्टन्स एपीआयला ‘प्रोटेक्टेड’ कन्स्ट्रक्टर चालतो, आणि हायबरनेट सेटरशिवायही थेट रकान्यात मूल्य ठेवू शकतं.

कन्स्ट्रक्टरला वगळून

काही यंत्रणांनी याहून धाडसी वाट धरली: कन्स्ट्रक्टर चालवायचाच नाही. १९९७ च्या जावा १.१ मध्ये आलेलं सीरियलायझेशन असंच आहे. क्लासवर ‘सीरियलायझेबल’ हा शिक्का मारला की पुरे. परत उभा करताना क्लासचा स्वतःचा कन्स्ट्रक्टर चालत नाही. बाइटमधली मूल्यं सरळ रकान्यांत जाऊन बसतात. पायथॉनची पिकल ही सीरियलायझेशनची सोय सहसा इनिट, म्हणजे तिथला कन्स्ट्रक्टर, चालवत नाही, आणि डॉट नेटचा डेटा कॉन्ट्रॅक्ट सीरियलायझरही कन्स्ट्रक्टर टाळतो.

जावात मात्र एक अपवाद आहे. आपल्या क्लासच्या पूर्वजांपैकी ज्या पहिल्या पूर्वजावर शिक्का नाही, त्याचा घटकरहित कन्स्ट्रक्टर चालवला जातो, कारण त्याची माहिती गाठोड्यात नसते. असा कन्स्ट्रक्टर पूर्वजाला नसेल तर वाचताना त्रुटी येते. फक्त वाचताना! लिहिताना काहीही अडत नाही. मार्च अखेरीला साठवलेली फाइल जूनमध्ये उघडायला जावं आणि तेव्हा कळावं की ती उघडण्याजोगी कधी नव्हतीच, असा हा प्रकार आहे.

कन्स्ट्रक्टर वगळण्यामागे निव्वळ आळस नाही. फेरफाराचा क्लास घ्या. त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये कुणी ‘पुढचा फेरफार क्रमांक घे’ आणि ‘संबंधितांना संदेश पाठव’ असं लिहिलं असेल, तर जुना फेरफार फाइलमधून वाचताना तो चालवणं घातक आहे. पाच वर्षांपूर्वीच्या फेरफाराला नवा क्रमांक मिळेल आणि खातेदारांना पुन्हा नोटिसा जातील. पहिल्यांदा जन्मणं आणि जुनंच परत उभं राहणं यांत फरक आहे, हे या यंत्रणांनी बरोबर ओळखलं. चूक झाली ती पुढे: जन्माचे सोहळे टाळताना त्यांनी जन्माची तपासणीही टाळली.

तपासणी टळली की काय होतं

गाठोडं आपणच बांधलेलं असेल तर धोका कमी असतो. पण बाइट जाळ्यावरून येतात, आणि ते कुणी बांधले हे दरवेळी ठाऊक नसतं. जावाच्या पद्धतीत कोणता क्लास उभा करायचा हेही गाठोडंच सांगतं. आपल्याला सातबारा अपेक्षित असला, तरी आत दुसऱ्याच क्लासचं नाव असेल तर जावा आधी तो उभा करते. सातबारा नव्हता हे त्यानंतर कळतं. तोवर त्या क्लासमधला काही कोड चालूनही गेलेला असतो.

जानेवारी २०१५ मध्ये ख्रिस फ्रोहॉफ आणि गॅब्रिएल लॉरेन्स यांनी कॅलिफोर्नियातल्या एका परिषदेत दाखवलं की अपाचे कॉमन्स कलेक्शन्स या सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीतले निरुपद्रवी दिसणारे क्लास साखळीसारखे जोडले, तर नुसतं गाठोडं उघडल्याने सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस आणि जेन्किन्स या सर्व्हर सॉफ्टवेअरवर हेच हल्ले करून दाखवले गेले. या लायब्ररीत नेहमीच्या अर्थाने चूक नव्हती. तपासणीआधी ऑब्जेक्ट उभा करण्याची पद्धतच मुळात सदोष होती. जावा ९ मध्ये, सप्टेंबर २०१७ मध्ये, कोणते क्लास उभे करू द्यायचे हे ठरवणारी चाळणी आली. डॉट नेटच्या बायनरी फॉरमॅटर या सीरियलायझरवरही अशीच वेळ आली आणि नोव्हेंबर २०२४ च्या डॉट नेट ९ मध्ये त्याची अंमलबजावणी काढूनच टाकली गेली. पायथॉनच्या दस्तावेजात पिकलबद्दल स्पष्ट इशारा आहे: विश्वास नसलेल्या ठिकाणाहून आलेलं उघडू नका.

डिजिटल सही यातला अर्धा प्रश्न सोडवते. आधारच्या क्यूआरमधली सही पडताळली की मजकूर वाटेत बदलला नाही हे सिद्ध होतं. पण सही बेरीज करत नाही. मुळात ११८ आर लिहून सही केली असेल तर सही खरी आणि सातबारा चुकीचाच.

पुन्हा कन्स्ट्रक्टरकडे

गेल्या काही वर्षांत वारं फिरलं आहे. जावा भाषेचे शिल्पकार ब्रायन गोएट्झ यांनी २०१९ मध्ये मांडलं की ऑब्जेक्ट परत उभा करण्याचं काम क्लासच्या नेहमीच्या, उघड कन्स्ट्रक्टरमधूनच व्हायला हवं. मार्च २०२१ च्या जावा १६ मध्ये पक्के झालेले रेकॉर्ड हा नियम पाळतात: जावाच्या मूळ सीरियलायझेशनमध्येही रेकॉर्ड त्याच्या मुख्य कन्स्ट्रक्टरमधूनच परत येतो. आपला सातबारा रेकॉर्ड असेल तर ११८ आरचं गाठोडं उघडतानाच अडेल. जॅक्सन या जावाच्या जेसॉन लायब्ररीत ‘जेसॉन क्रिएटर’ अशी खूण करून कन्स्ट्रक्टरच्या प्रत्येक घटकाला नाव देता येतं. डॉट नेटच्या नव्या जेसॉन लायब्ररीला २०१९ मध्ये घटकरहित कन्स्ट्रक्टरच लागत असे. नोव्हेंबर २०२० च्या डॉट नेट ५ पासून तिला घटकांचा कन्स्ट्रक्टरही चालतो.

पण कन्स्ट्रक्टर दोन्ही वेळी चालायचा तर त्याने आपलं काम मर्यादित ठेवलं पाहिजे. माहिती घ्यावी, तपासावी, रकान्यांत ठेवावी, एवढंच. नवा क्रमांक घेणं, नोटीस पाठवणं ही नव्या नोंदीची कामं ‘नवा फेरफार नोंदव’ अशा वेगळ्या फंक्शनमध्ये जावीत. मग फाइलमधून येणारा जुना फेरफार आणि आज लिहिला जाणारा नवा फेरफार एकाच तपासणीतून जातात, आणि नोटीस फक्त नव्याचीच निघते. ही फोड केली की कन्स्ट्रक्टर वगळण्याचं मूळ कारणच उरत नाही.

जिथे फ्रेमवर्क ऐकतच नाही, तिथे दोन क्लास ठेवावेत. एक नुसता हमाल: रिकामा कन्स्ट्रक्टर, उघडे रकाने, नियम काही नाहीत. फ्रेमवर्क त्याला हवा तसा भरू दे. दुसरा खरा सातबारा, जो हमालाकडून माहिती घेऊन आपल्या कन्स्ट्रक्टरमधून जन्मतो. प्रोग्रामच्या बाकी भागात फक्त दुसरा फिरतो. थोडं जास्त टंकन करावं लागतं, पण विश्वास कुठून सुरू होतो ते स्पष्ट राहतं.

उरतो तो काळाचा प्रश्न. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाचा फोटो टाकून नोंद करू लागला. आपल्या क्लासमध्ये आता त्या फोटोचा रकाना वाढवावा लागेल. त्याआधीच्या गाठोड्यांत तो नाही. सक्तीचा केला तर जुने सगळे उतारे अडतील, आणि ऐच्छिक केला तर नव्या नोंदी त्याशिवायही आत येतील. उत्तर आवृत्तीत आहे: गाठोड्यावरची खूण पाहून जुन्याला जुन्या नियमाचा कन्स्ट्रक्टर द्यायचा, नव्याला नव्या.

म्हणून क्लासमध्ये बदल करण्याआधी प्रत्येक जुन्या आवृत्तीचं एकेक गाठोडं चाचण्यांमध्ये जपून ठेवावं आणि प्रत्येक बदलानंतर ते उघडून पाहावं. सोबत मुद्दाम बिघडवलेलं, ११८ आरचं एक गाठोडंही असू द्यावं. पहिलं उघडलं पाहिजे आणि दुसरं अडलं पाहिजे. दोन्ही उघडत असतील, तर आपल्या प्रोग्राममधल्या कुठल्याच सातबाऱ्यावर विसंबून चालणार नाही.